मुळा-मुठेच्या काठाने मान्यखेटापर्यंत

हडपसरच्या गाडीतळाहून पंढरपूरला जाणाऱ्या दोन वाटा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या पुण्याहून इथवर एका रस्त्याने येतात आणि इथे एकमेकींचा निरोप घेतात. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, तुकोबांची लोणी काळभोरच्या मुक्कामाकडे निघते. वाखरीच्या माळावर सर्व पालख्या पुन्हा एकत्र येतात. या दोन वाटांखेरीज तिसरीही एक वाट हडपसरहून पंढरपूरला जाते. ती पाण्याची आहे. मुंढवा, केशवनगर, मांजरी यांच्या कडेने वाहणारी मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळून चंद्रभागा म्हणवते. पंढरपूरच्याही पुढे, कर्नाटकात, तिच्या एका उपनदीच्या तीरावर मान्यखेट आहे. अकराशे-बाराशे वर्षांपूर्वी हे राष्ट्रकूटांचे राजधानीचे नगर होते आणि जैन विद्येचे मोठे पीठ होते. आज त्याला मळखेड म्हणतात. हडपसर ते मळखेड हे अंतर रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटर भरते.

पुण्याच्या उपनगरांतील अनेक जैन कुटुंबे आता सुट्टीत युरोपात जातात. कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य असलेला स्वयंपाक आणि तो करणारा आचारीही सोबत नेणाऱ्या सहली निघतात. ऱ्हाइनच्या पात्रातून बोटीने जाताना दोन्ही काठांच्या टेकड्यांवरचे किल्ले, कोलोनचे उंच कॅथेड्रल, स्ट्रासबर्गच्या जुन्या गल्ल्या पाहून मंडळी परततात आणि नदीकाठी इतिहास किती जपून ठेवला आहे, असे कौतुकाने सांगतात. कौतुक योग्यच आहे. मात्र ज्या नदीच्या काठी आपण राहतो तिच्या प्रवाहाने गेलो तर काय दिसेल, हा प्रश्न त्या गप्पांत सहसा निघत नाही. भीमेत प्रवासी बोटी नाहीत, काठाने सलग रस्ता नाही, आणि पहिल्या काही कोसांत तर नाकाला रुमाल लावावा लागतो. तरीही हा प्रवास करण्याजोगा आहे, आणि जैन वाचकासाठी तर विशेषच.

मुंढव्याच्या पुलावर उभे राहिले की नदीच्या दोन्ही अंगांना पुण्याचे नवे रूप दिसते. पलीकडे खराडीचे काचेचे मनोरे, अलीकडे मगरपट्ट्याच्या बाजूच्या सोसायट्या. मधल्या पात्रात वर्षाचा बराच काळ जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला असतो आणि त्याखालून काळसर पाणी सरकत असते. खडकवासल्याच्या धरणातून जे स्वच्छ पाणी शहरात येते, ते घराघरांतून वापरले जाऊन अखेर इथे उतरते. त्यातले काही शुद्ध होऊन येते, काही तसेच. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या जायका प्रकल्पात ११ नवी मैलाशुद्धीकरण केंद्रे आणि रोज ३९ कोटी ६० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची क्षमता धरलेली होती. एवढी वाढीव क्षमता लागावी, यावरूनच त्याआधी नदीला काय मिळत होते याचा अंदाज येतो. मुंढव्यालाच नदीचे पाणी पंपाने उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडतात. ते हवेली आणि दौंड तालुक्यांतील शेतांना जाते. त्या शेतांतला भाजीपाला पुन्हा शहराच्या मंडईतच येतो.

जैन घरात पाण्याला जे स्थान आहे ते येथे आठवल्यावाचून राहत नाही. पृथ्वी, अग्नी, वायू, वनस्पती यांप्रमाणे पाणी हेही सजीव. ‘अपकाय’ हा षट्कायातला एक. म्हणून पाणी गाळून घ्यायचे, दुहेरी सुती कापडातून, आणि मोजूनमापून वापरायचे. हे सर्वांना माहीत असते. या आचाराचा दुसरा भाग मात्र नळ आल्यापासून विस्मरणात जात चालला आहे. गाळताना कापडावर जे सूक्ष्म जीव राहतात त्यांना ‘जिवाणी’ म्हणतात. कापड उलटे करून, वरून थोडे गाळलेले पाणी ओतून ही जिवाणी ज्या विहिरीचे वा नदीचे पाणी असेल त्याच पाण्यात हलकेच परत सोडायची, असा दंडक होता. एका विहिरीचे जीव दुसऱ्या विहिरीत टाकले तर ते जगत नाहीत, हा त्यामागचा विचार. जुन्या घरांत त्यासाठी तळाशी कडी असलेली वेगळी कळशी असे. ती पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत सोडून उलटी करता येई. पाणी घेणे आणि जे पाण्याचे ते पाण्याला परत देणे, अशी ही दुहेरी क्रिया होती. आज नळाला कापड बांधले जाते, पहिला भाग पाळला जातो. शहर आपले सगळे वापरलेले पाणी मात्र मुंढव्याला ज्या रूपात परत देते, ते पुलावरून प्रत्यक्ष दिसते.

हडपसरचा इतिहासही रस्त्यावरून जाणाऱ्यास फारसा भेटत नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, याच माळावर यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि वर्ष संपता संपता वसईला त्याने इंग्रजांशी तह केला. महावीर निर्वाणाचे दिवे ज्या दिवसांत लावले जातात त्याच दिवसांत मराठी राज्याचे भवितव्य इथे ठरले. आता त्या जागी कारखाने, मॉल आणि उड्डाणपूल आहेत.

मांजरीपासून नदी पूर्वेकडे जाते. थेऊरला ती चिंतामणीच्या मंदिराला वळसा घालते. पेशवे माधवराव यांनी अखेरचे दिवस येथेच काढले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी येथेच देह ठेवला. काठावर ऊस आहे, पाण्यात जलपर्णी आहे. पुढे शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमाशंकरच्या डोंगरातून आलेली, वाटेत इंद्रायणीला घेऊन आलेली भीमा आणि पुण्यातून आलेली मुळा-मुठा यांचा हा संगम. मोठ्या नद्यांच्या संगमाला आपल्याकडे सहसा मोठे क्षेत्र असते. हा संगम मात्र शांत, जवळजवळ अनाम आहे. येथून पुढे नदीचे नाव भीमा, आणि पुण्याचे नाव त्या पाण्यातून पुसले जाते. पुसले जाते ते नावच.

दौंडच्या पुढे नदीच्या उत्तर काठावर पेडगाव लागते. मोगल सरदार बहादूरखानाने येथे कोट बांधला, म्हणून तो बहादूरगड. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून येथेच औरंगजेबासमोर आणले गेले. आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. कोटाच्या आत बाभळी माजल्या आहेत, पण त्या बाभळींत यादवकालीन शिल्पांनी भरलेले लक्ष्मीनारायणाचे मंदिर उभे आहे आणि तटाच्या खिडकीतून खाली भीमेचे संथ पात्र दिसते. ऱ्हाइनकाठच्या कुठल्याही किल्ल्यापुढे ही खिडकी उणी पडणार नाही. तेथे तिकीटघर, उपाहारगृह आणि माहितीचा फलक असतो एवढाच फरक. थोडे पुढे त्याच काठावर सिद्धटेक. तेथील सिद्धिविनायकाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधले.

सिद्धटेकनंतर नदी नदी राहत नाही. उजनी धरणाचा फुगवटा येथवर येतो. माढा तालुक्यात भीमेवर १९८० साली पूर्ण झालेले हे धरण सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवते. भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात उभे असतात आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब त्यांच्या शेजारी उतरतात. जुन्या पळसदेवचे मंदिर धरणात बुडाले आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्याचे शिखर वर येते, मग सभामंडप, आणि एखाद्या कोरड्या वर्षी पायऱ्यांवर माणसे चालू शकतात. पाण्याखाली गेलेल्या गावांतील लोक मग आपापले अंगण ओळखायला येतात.

धरणाच्या साठ्याचे दोन भाग कागदोपत्री होतात, उपयुक्त साठा आणि मृतसाठा. उजनीत निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते. दरवाज्यांतून आणि कालव्यांतून जे बाहेर काढता येत नाही ते मृत, असा अभियंत्यांचा सरळ हिशेब आहे आणि त्यात चूक काही नाही. पण पाण्याच्या थेंबाला जीव मानणाऱ्या माणसाला हा शब्द वर्तमानपत्रात वाचताना जरा अडखळायला होते. उन्हाळ्याच्या अखेरीस ‘उजनी मृतसाठ्यात’ अशी बातमी येते, तेव्हा सोलापूर शहर त्याच पाण्यावर जगत असते. शंभरावर किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने आणि नदीत सोडलेल्या पाण्याने सोलापूरची तहान भागते. नदीतले पाणी टाकळीजवळच्या औज बंधाऱ्यात अडवून उचलले जाते. उजनीत पाणी येते ते भीमेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या वरच्या खोऱ्यातून, म्हणजे पुणे, पिंपरी-चिंचवड आणि त्यांच्या भोवतालातून. हडपसरच्या स्वयंपाकघरातील मोरीचे पाणी आणि सोलापूरच्या श्राविकेच्या हातातील गाळण्याचे पाणी यांच्यामध्ये एक नदी, एक धरण आणि एक शुद्धीकरण केंद्र आहे. तेवढेच अंतर.

ऱ्हाइनची आज दिसणारी शोभा पूर्वापार तशीच होती असे समजणाऱ्यांनी १ नोव्हेंबर १९८६ ही तारीख लक्षात घ्यावी. स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली, पाणी तांबडे झाले आणि खालच्या अंगाला मासे मरून तरंगू लागले. शेकडो किलोमीटर खाली असलेल्या नेदरलँड्सला नदीचे पाणी उचलणे थांबवावे लागले. तत्पूर्वीही त्या नदीला ‘युरोपचे गटार’ म्हणत असत. काठावरच्या देशांचा संयुक्त आयोग १९५० पासूनच होता. या आगीने त्याला खडबडून जाग आली. १९८७ मध्ये कार्यक्रम आखला गेला आणि त्याचे उद्दिष्ट शाळकरी मुलालाही समजेल असे ठेवले गेले: सन २००० पर्यंत सामन मासा परत नदीत यावा. मासा आला. तो प्रामुख्याने खाण्यासाठीच हवा असणाऱ्या लोकांनी हे केले, हेही खरे आहे. पण वरच्या गावाने खालच्या गावाला उत्तर द्यायचे असते, हे तत्त्व त्यांनी कायद्यात आणि पैशात उतरवले. बोटीतून दिसणारे निळेपण त्या हिशेबातून आलेले आहे. भीमेच्या खोऱ्यात असा हिशेब पुणे आणि सोलापूर या एकाच राज्यातील दोन जिल्ह्यांत करायचा आहे. तो अधिक सोपा असायला हवा होता.

टेंभुर्णीच्या खाली नरसिंहपूरला नीरा भीमेत येते. नीरेच्या काठाने थोडे वर गेले तर वालचंदनगर आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला आणि त्याभोवती हे नगर वसले. या माणसाची कीर्ती मात्र पाण्याची आहे. १९१९ च्या ५ एप्रिलला त्यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९४१ मध्ये विशाखापट्टणच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. ज्या भागातल्या नद्यांत उन्हाळ्यात गुडघाभरही पाणी नसते, तेथल्या माणसाने समुद्रावर जहाजे सोडावीत, याचे नवल वाटते. नीरेपलीकडे माळशिरस तालुक्यात दहिगाव हे महावीरांचे अतिशय क्षेत्र आहे. मराठीतून रचना करणारे जैन कवी महतिसागर यांची समाधी तेथे आहे.

पंढरपूरविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र नोंदवावीशी वाटते. आषाढ शुद्ध एकादशीला वारकऱ्यांचे चालणे येथे पूर्ण होते आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, चतुर्दशीला, जैन साधू-साध्वींचे चालणे चार महिने थांबते. चातुर्मासात जमिनीवर, पाण्यात, हिरवळीत जीव दाटतात, म्हणून पावलांनी विसावायचे. एका परंपरेने पावसाळ्याच्या तोंडाशी नदीकडे चालत यावे आणि दुसरीने नेमके तेव्हाच स्थिर व्हावे. सोलापूर रस्त्याच्या कडेने या दोन्ही परंपरा शतकानुशतके एकमेकींना पाहत आल्या आहेत. विहार करणाऱ्या साधूंना सूर्यास्तापूर्वी उकळलेले, अचित्त पाणी देण्यासाठी या रस्त्यावरची श्रावकांची घरे आजही चूल पेटवतात.

पंढरपूरखाली माचणूरला औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत होती. दिल्लीचा बादशहा चार वर्षे भीमेच्या काठावर राहिला. त्याच्या किल्ल्याशेजारी सिद्धेश्वराचे मंदिर आणि नदीत उतरणारा देखणा घाट आहे, आणि किल्ल्यापेक्षा घाटच जास्त टिकला आहे. दक्षिण सोलापुरात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येते. येथील संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या पायाशी असलेला मराठी लेख जैन घरांत अभिमानाने सांगितला जातो. त्याच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, कुडलच्या लेखावर मात्र शक स्पष्ट कोरलेला आहे. दोन्ही लेख कानडी मुलखात किंवा त्याच्या उंबरठ्यावर आहेत, ही गोष्ट अधिक लक्षणीय. मराठीचे बालपण कानडीच्या मांडीवर गेले आहे. सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या ज्या जैन घरांत आजी कानडीत रागावते आणि मराठीत गोष्ट सांगते, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

सोलापूर नदीवर नाही. पण या प्रवासात ते टाळता येत नाही. वालचंदांचे वडील हिराचंद नेमचंद यांनी येथून ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू केले. त्यांचे याहून मोठे काम मूडबिद्रीचे. षट्खंडागमावरील ‘धवला’ आणि कषायप्राभृतावरील ‘जयधवला’ या महाटीकांच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत बंदिस्त होत्या. लोक दुरून त्यांचे दर्शन घेत. वाचणारा कोणी उरला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांनी तेथे जाऊन या प्रतींची नक्कल करवून घेण्याचा उद्योग आरंभला. त्या कामाला वर्षे लागली. नकला झाल्या, आणि १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवला छापून येऊ लागली. सोलापुरात जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती देऊन जैन संस्कृती संरक्षक संघ आणि जीवराज जैन ग्रंथमाला उभी केली; डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन तिचे संपादक. ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग १९४३ मध्ये याच मालेत निघाला. पंडिता सुमतीबाई शहा यांचा श्राविकाश्रमही याच गावचा. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या शहरात हे सारे घडले. त्या ग्रंथांतील कित्येक जेथे किंवा ज्या राजाच्या छत्राखाली लिहिले गेले, ते ठिकाण सोलापूरहून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे.

अक्कलकोटच्या दक्षिणेला भीमा महाराष्ट्र-कर्नाटकाची सीमा होऊन वाहते आणि मग पूर्णपणे कर्नाटकाची होते. गाणगापूरला अमरजा तिला मिळते. दत्तभक्तांची येथे कायम वर्दळ असते. कलबुर्गी ओलांडून शहाबादचा दगडी पट्टा लागतो. पुण्यातल्या जुन्या चाळी, वाडे, स्वयंपाकघरातले ओटे यांवर जी शहाबादी फरशी असे ती इथली. हडपसरच्या कितीतरी घरांत लोक नकळत या खोऱ्यावरच पाय ठेवून उभे राहिले आहेत. याच भागात कागिणा नदी भीमेला मिळते, आणि कागिणेच्या काठाने वर गेले की सेडम तालुक्यात मळखेड.

प्रथमदर्शनी निराशा होते. एका बाजूला सिमेंटच्या कारखान्याची धूळ, दुसरीकडे लहानसे गाव, नदीकाठी पडझड झालेला आणि अलीकडे डागडुजी झालेला कोट. अरब प्रवाशांनी येथील राजाला जगातल्या चार थोर राजांत गणले होते, हे या दृश्यावरून कोणालाही खरे वाटणार नाही. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याने खोदवले त्या राष्ट्रकूटांची ही राजधानी. येथे अमोघवर्षाने इ. स. ८१४ पासून साठाहून अधिक वर्षे राज्य केले. वीरसेनांनी धवला पूर्ण केली. त्यांचे शिष्य जिनसेन यांनी गुरूंची अपुरी राहिलेली जयधवला शके ७५९ मध्ये, म्हणजे इ. स. ८३७ मध्ये, संपवली. जिनसेनांच्या ‘आदिपुराणा’त ऋषभदेव, भरत आणि बाहुबली यांची जी कथा आहे, ती पुढच्या सर्व कथांची जननी ठरली. राजा त्यांना गुरू मानी, असे त्यांचे शिष्य गुणभद्र यांनी नोंदवले आहे. महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ याच राजाच्या काळात लिहिला आणि आरंभी त्याची स्तुती केली. संचांच्या संख्येचे सूत्र, जे आज अकरावीच्या मुलांना शिकवतात, त्या ग्रंथात सामान्य रूपात दिलेले आहे. १९१२ मध्ये रंगाचार्यांनी मद्रासला त्याची इंग्रजी आवृत्ती काढली. हिंदी अनुवाद १९६३ मध्ये सोलापूरच्या जीवराज मालेतच निघाला. याच दरबारात रचलेल्या ‘कविराजमार्ग’ या कानडी ग्रंथात कानडी देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. त्या मोजणीत भीमेचे सारे खोरे येते, मांजरी-थेऊरसह.

अमोघवर्षाला केवळ ‘आपला’ राजा म्हणून मिरवण्याचा मोह जैन लेखनात नेहमी दिसतो. संजाणच्या ताम्रपटात मात्र त्याने प्रजेवरचे संकट टळावे म्हणून महालक्ष्मीला आपल्या डाव्या हाताचे बोट अर्पण केल्याचे लिहिले आहे. जिनसेनांचा शिष्य आणि महालक्ष्मीचा भक्त हे एकच मनुष्य होते. त्याला एका खात्यात बसवण्याचा आग्रह आजचा आहे, त्याचा नव्हता. आणि मान्यखेट मोठे झाले ते या मोकळिकीमुळेही.

दहाव्या शतकात पुष्पदंत हा अपभ्रंश कवी दूरच्या प्रवासाने थकून याच नगराबाहेरच्या उपवनात येऊन बसला. नगरात का येत नाही, असे दोघांनी विचारले, तेव्हा दुर्जनांच्या चढलेल्या भुवया पाहण्यापेक्षा डोंगरातल्या गुहेत मरण बरे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. अखेर मंत्री भरताने त्याला सन्मानाने घरी नेले आणि इ. स. ९६५ मध्ये त्याचे ‘महापुराण’ पुरे झाले. पुण्याचे प्राच्यविद्यापंडित प. ल. वैद्य यांनी विसाव्या शतकात त्याचे संपादन केले. ते वाचताना मराठी कानाला कितीतरी शब्द आपल्या घरातले वाटतात. महापुराण पुरे होऊन सातच वर्षे झाली होती, तोच ९७२ मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटले. नगराची कळा गेली ती परत आली नाही. जैन परंपरेला मात्र त्याचे विस्मरण झाले नाही. विदर्भातील कारंजाचे भट्टारक पुढे कित्येक शतके स्वतःला मलयखेड सिंहासनाचे अधीश्वर म्हणवीत राहिले.

राजवाडा उरला नाही, पण नेमिनाथांची बसदी उरली आहे. जाड दगडी खांब, आत काळोखाचा थंडावा, आणि पंचधातूचे एक लहानसे देवालय. त्यावर शहाण्णव प्रतिमा आहेत. नदीकाठी माध्व संप्रदायाच्या जयतीर्थांचे स्थान आहे. तेथे यात्रेकरूंची रीघ असते. बसदीत क्वचितच कोणी येते.

येथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी कार्तिक पौर्णिमेनंतर, चातुर्मास संपल्यावर निघावे. फाल्गुनानंतर ऊन सोसत नाही. पेडगाव आणि सिद्धटेक एका दिवसात होतात. पळसदेव पाहायचे तर मात्र उन्हाळाच गाठावा लागतो. सोलापूरला मुक्काम करावा, कारण जैन भोजनाची खात्रीची सोय तेथपर्यंतच आहे. मळखेडला दिवस मावळण्यापूर्वीचे जेवण सोबत न्यावे. मळखेडला रेल्वेचे स्थानकही आहे, वाडीच्या पुढे. वाडीहून पुण्याकडे येणारी गाडी दौंडच्या आधी उजनीचा फुगवटा ओलांडते आणि हडपसरच्या स्थानकावरून जाते. बसदीतल्या दर्शनानंतर कोटाच्या मागे उतरून कागिणेचे पात्र अवश्य पाहावे. ते रुंद नाही, हिवाळ्यात तर खडकांमधून वाट काढत जाते. ते पाणी शहाबादजवळ भीमेत मिसळते, अशोकाचे शिलालेख सापडलेल्या सन्नतीच्या काठाने पुढे सरकते आणि रायचूरच्या उत्तरेस कृष्णेला मिळते. मुंढव्याच्या पुलाखालून निघालेल्या पाण्यापैकी जे कालव्यांतून, उसातून आणि उजनीतून उरले असेल, तेही तेथेच पोहोचते.